खड्डा कुठे, कधी आणि घरात कोण असताना?

मार्च संपता संपता मुलाची बदली बेंगळुरूला झाली आणि त्याचा लॅब्राडोर सांगलीला आमच्या पदरात पडला. पोरांनी कुत्रं आणायचं आणि आईबापांनी सांभाळायचं, हे आता घरोघरी झालंय, त्यामुळे तक्रार नाही. ब्रुनो तेव्हा वर्षाचा होता. वजन तीस किलोच्या आसपास, स्वभावाने गरीब, आणि जबडा सुताराच्या पटाशीसारखा. चिंगी घरात आधीपासून होती. आदल्या पावसाळ्यात गटाराच्या कडेला सापडलेलं गावठी पिल्लू. पिवळसर रंग, एक कान उभा, एक पडलेला. एकेकटं असतं तर निभलं असतं. दोघं एकत्र आल्यावर बागेची पार रया गेली.

बाग म्हणजे तरी काय, घराभोवती जेमतेम दोन गुंठे जागा. गुलाबाचा वाफा, जास्वंद, कढीपत्ता, दोन केळी आणि त्यातून फिरवलेली ठिबकची नळी. माती काळी. उन्हाळ्यात भेगाळते आणि पाणी पडलं की लोण्यासारखी नाही, डिंकासारखी चिकटते. आठ पंजांवरून ती दिवाणखान्यात यायला लागली. ठिबकच्या नळीचे वीत-वीत तुकडे झाले, ह्यांच्या कापशी चपलेचा अंगठा गेला, सोफ्याचा एक कोपरा स्पंजासकट उघडा पडला आणि मागच्या दाराची सागवानी चौकट खालून हातभर कुरतडली गेली.

सल्ल्यांना तोटा नव्हता. खड्ड्यात लाल तिखट टाका. डांबरगोळ्या पुरा. कुत्र्याची विष्ठा त्याच खड्ड्यात भरा. नाहीतर सरळ साखळीला बांधा. तिखटाने कुत्र्याचे नाक-डोळे भाजतात, आणि उकरायची ऊर्मी तशीच राहते. ते हातभर सरकून दुसरीकडे उकरतं. विष्ठेचंही तेच, तेवढा एक खड्डा वाचतो. डांबरगोळ्या तर विषच आहेत. त्यातलं नॅप्थलीन पोटात गेलं तर कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, आणि ब्रुनोसारखं दिसेल ते गिळणारं जनावर घरात असताना त्या जमिनीत पुरायच्या म्हणजे कमाल झाली. साखळीबद्दल आमच्या ह्यांनी शेजाऱ्यांना ऐकवलं की, कुत्रं आखूड साखळीला तासन्‌तास बांधून ठेवणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. शेजारी त्यानंतर दोन दिवस बोलले नाहीत.

डॉक्टरीणबाईंकडे ब्रुनोचं लसीकरण होतं तेव्हा मी हे गाऱ्हाणं मांडलं. त्यांनी आधी त्याचं तोंड उघडून पाहिलं. पिल्लाचे अठ्ठावीस दुधाचे दात पडून बेचाळीस कायमचे दात येतात, साधारण चौथ्या ते सातव्या महिन्यात, आणि त्या काळात हिरड्या शिवशिवतात म्हणून पिल्लू सगळं चावतं. ब्रुनोचे दात कधीच येऊन गेले होते, म्हणजे ती सबब संपली. मग त्यांनी विचारलं, "खड्डा कुठे काढतात, कधी काढतात, आणि तेव्हा घरात कोण असतं?" मी म्हटलं, सगळीकडे, कायम. त्या म्हणाल्या, "ताई, असं नसतं कधी. लिहून ठेवा."

हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. नोंदवही म्हटल्यावर त्यांच्या अंगात पुन्हा नोकरी संचारली. जागा, वेळ, खोली, माती ओली की कोरडी, घरात कोण, असे रकाने पाडून वही तयार. मी हसले होते, पण पुढे जे काही सुटलं ते त्या वहीमुळे. कारण खड्डे दिसायला एकसारखे असले तरी त्यांचं एकमेकांशी काही नातं नव्हतं.

सगळ्यात सोपे निघाले दुपारचे खड्डे. एप्रिल-मे, बारा ते चार, उत्तरेच्या भिंतीलगत, पाण्याच्या टाकीच्या सावलीत. उथळ, परातीएवढे, आणि काढून झाले की त्यात पोट टेकवून झोप. कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही. तळव्यांना थोडा येतो, बाकी सगळी मदार धापेवर. वरची माती तापलेली, वीतभर खाली गार. चिंगी हे जन्मजात जाणत होती, ब्रुनो तिचं बघून शिकला. याला काय अडवायचं? टाकीखालची ती पट्टी आम्ही त्यांना देऊन टाकली, वर हिरवी शेडनेट बांधली आणि दुपारी गोणपाटं भिजवून पसरायला लागलो. ब्रुनो गोणपाट आधी फाडायचा आणि मग त्यावर झोपायचा. पण इतरत्र दुपारचा एकही खड्डा त्यानंतर वहीत नाही.

गुलाबाच्या वाफ्याचं प्रकरण वेगळं. तिथे वेळेचा काही नेम नव्हता, पण तारखा बघितल्यावर लक्षात आलं की माळीमामा येऊन गेले की दुसऱ्या दिवशी वाफा उकरलेला. मामा गुलाबाला हाडांचा चुरा घालत होते. आपल्या नाकाला फारसं काही कळत नाही, कुत्र्याला मात्र ते जमिनीत पुरलेलं जेवण. शिवाय तो चुरा जास्त खाल्ला तर पोटात सिमेंटसारखा गोळा धरतो. मी मामांना सांगितलं, हे खत बंद करा. ते म्हणाले, "मग एरंडीची पेंड आणतो की वहिनी. गुलाब कसं फुलतंय बघा!"

आणली असती. योगायोगाने त्याच संध्याकाळी चिंगीच्या जंताच्या गोळीसाठी डॉक्टरीणबाईंना फोन झाला आणि मी सहज पेंडीचा उल्लेख केला. त्या एरवी शांत बोलतात, त्या दिवशी ओरडल्याच. एरंडीच्या बियांत रिसिन नावाचं जहाल विष असतं. तेल काढल्यावर ते तेलात उतरत नाही, पेंडीत राहतं. पेंडीचा वास कुत्र्यांना आवडतो, ती खाल्ली की उलट्या, रक्ताचे जुलाब, आणि त्यावर उतारा नाही. घराच्या बागेत कुत्रं असेल तर एरंडी पेंड घालूच नये, हे खताच्या दुकानात कुणी सांगत नाही. गोगलगायींसाठी टाकतात त्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्यांचंही तसंच, त्याने कुत्र्याला झटके येतात. आमच्याकडे आता गांडूळखत आणि निंबोळी पेंड एवढंच चालतं. वाफ्यात कोंबडीची जाळी मातीखाली दोन बोटं अंथरून तिच्या कडा आत वळवल्या, म्हणजे पंजाला टोचायला नकोत, आणि रोपांच्या बुडाशी नदीतले मोठे गोटे लावले. मामा अजून नाराज आहेत. त्यांच्या मते गुलाब पूर्वीसारखा फुलत नाही.

तिसरी जागा पूर्वेच्या कंपाऊंडची भिंत. वेळ पहाटेची. इथे खड्डा परातीसारखा नव्हता, अरुंद आणि खोल होता, भिंतीखाली तिरका शिरलेला. चिंगी आधी मान वाकडी करून ऐकायची, नाक जमिनीला लावून फुरफुरायची आणि मग पुढचे पाय मशीनसारखे चालवायची. ब्रुनो मागे उभा राहून तिने उडवलेली माती अंगावर घ्यायचा. ह्यांनी बाहेरून पाहिलं तर गटाराकडून भिंतीखाली घुशीचं बीळ. म्हणजे चिंगी आमचंच काम करत होती आणि आम्ही तिला रागावत होतो. घुशीला औषध घालायचं नाही हे नक्की होतं, कारण विषाने मेलेली घूस कुत्र्याने खाल्ली तर ते विष त्याच्याही पोटात जातं. ह्यांनी गटाराच्या बाजूने बीळ उकरून त्यात जाळीचे बोळे आणि खडी-सिमेंट भरलं, पायाची एक निसटलेली वीट बसवून घेतली. लेप्टोची लस दोघांना दरवर्षी असतेच. घुशी-उंदरांच्या मुतातून तो आजार येतो आणि माणसालाही होतो. बीळ बंद झाल्यावर चिंगी काही दिवस भिंतीशी जाऊन हुंगून यायची. मग तेही थांबलं.

एव्हाना आम्हाला वाटलं, जमलं. पण चावणं सुरूच होतं, आणि तिथे दोन वेगळे प्रकार होते हे कळायला जास्त वेळ गेला.

एक प्रकार नुसत्या रिकामपणाचा. लॅब्राडोर ही जात शिकारीत पडलेलं पाखरू तोंडात धरून आणण्यासाठी वाढवलेली, तिचं तोंड मोकळं राहतच नाही. त्यात खादाडपणा. केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी 2016 मध्ये दाखवून दिलं की साधारण चारातल्या एका लॅब्राडोरच्या एका जनुकात असा बिघाड असतो की त्याची भूकच जास्त असते. आमचा त्या चारातला एक असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मोजा चावून थांबत नाही, गिळायला बघतो.

त्याने चप्पल पळवली की आम्ही सगळे मागे धावायचो, आई सोफ्यावरून ओरडायच्या, हे काठी शोधायचे. ब्रुनोच्या दृष्टीने घरातला तो सगळ्यात बहारीचा खेळ होता. डॉक्टरीणबाईंनी धावणं बंद करायला सांगितलं. आता तो काही घेऊन आला की मी गाजराचा तुकडा पुढे करते आणि "सोड" म्हणते. सोडलं की गाजर त्याचं, वस्तू माझी. सुरुवातीला गाजर मिळावं म्हणून मुद्दाम वस्तू आणायचा, एवढी अक्कल त्याला आहे. तेव्हा न मागता, नुसता लोळत पडलेला असतानाही गाजर मिळायला लागलं आणि ती हुशारी ओसरली. चपलांच्या मांडणीला झडप बसवली. जुनी चप्पल खेळायला देणं बंद केलं. फाटकी स्लीपर चालते आणि कोल्हापुरी चालत नाही, हा भेद चामड्याच्या वासाच्या जनावराने कसा करायचा? वायरी केसिंग पट्टीत गेल्या. ठिबकची नळी मातीवर दिसते तिथे पीव्हीसी पाइपातून नेली.

चघळायला काय द्यायचं यावर बरेच प्रयोग झाले. शिजवलेली हाडं नाहीच, त्यांचे टोकदार तुकडे होतात. शहाळ्याचं सोडण चिंगीला फार आवडतं, ती शांतपणे सोलत बसते. ब्रुनो दोरे गिळतो, त्यामुळे त्याला ते मिळत नाही. त्याच्यासाठी छुर्पी, म्हणजे हिमालयाकडून येणारं ते दगडासारखं वाळवलेलं चीज, आणि पोकळ रबरी खेळणं. खेळण्यात दहीभात भरायचा, रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवायचं. सकाळी ते चाटून रिकामं करायला त्याला बराच वेळ लागतो आणि नंतर तो खरोखर झोपतो. भातात फोडणी नाही, कांदा-लसूण नाही, बेदाणा तर अजिबात नाही, हे आईंना दोनदा सांगावं लागलं. सकाळचं फिरणंही बदललं. पूर्वी हे त्याला ओढत झपाझप नेत. आता आयर्विन पुलाकडच्या घाटावर दोराला ढील देऊन हवं तेवढं हुंगू देतात. अंतर निम्मं झालं, पण कुत्रं जास्त दमतं. वासाचं काम डोक्याचं काम असतं.

सोफा आणि चपला चावणं या उपायांनी थांबलं. चौकट कुरतडणं नाही.

ती अडकली वहीत. चौकटीच्या पुढे दर वेळी एकच वार होता, गुरुवार. गुरुवारी संध्याकाळी आईंचं दत्तमंदिरात भजन. हे त्यांना सोडायला जातात आणि तिथेच बसतात, मला शाळेतून यायला उशीर होतो. आठवड्यात फक्त तेवढा वेळ घर रिकामं. पुढच्या गुरुवारी मुलाचा जुना मोबाइल फ्रिजवर उभा करून चित्रण लावून ठेवलं. गेट बंद झाल्याचा आवाज येतो आणि ब्रुनो उठून दाराशी जातो. आधी नुसता उभा. मग येरझारा. मग धाप, लाळ, बारीक कुईकुई. मग तो चौकटीला दात लावतो आणि सुटायला जागा करावी तसा खालचा कोपरा ओढायला लागतो. चिंगी या सगळ्या वेळात पायपुसण्यावर गाढ झोपलेली आहे. मला ते पुरतं बघवलं नाही. रिकामपणी चावणारं कुत्रं असं दिसत नाही. ते आरामात, चवीने चावतं, आणि कुठेही चावतं. घाबरलेलं कुत्रं दार आणि खिडकी धरतं.

आम्ही घरी आलो की ब्रुनो कान पाडून, शेपूट घालून कोपऱ्यात. आई म्हणायच्या, "बघ, त्याला कळतंय काय केलंय ते." मीही तसंच धरून चालले होते. पण न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजातल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी 2009 मध्ये नेमका याचाच प्रयोग मांडला होता: मालकाने "खाऊ नको" म्हणून बाहेर जायचं, आत कुत्र्याने खाऊ खाल्ला की नाही हे मालकाला कधी खरं सांगायचं, कधी खोटं. अपराधी चेहरा गुन्ह्यावर नाही, मालकाच्या रागावण्यावर ठरतो असं निघालं; उलट न खाल्लेली कुत्रीच ओरडा बसल्यावर जास्त अपराधी दिसली. मी आईंना हे वाचून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे माझ्या आवाजाला घाबरतो होय तो!" त्या दिवसापासून घरात शिरताना त्यांचा पहिला शब्द बदलला.

एकटेपणाच्या भीतीवरचं काम सगळ्यात कंटाळवाणं होतं. स्कूटरची किल्ली वाजवायची आणि पुन्हा खुर्चीत बसायचं. चप्पल घालायची, काढायची. गेट लावायचं आणि त्याची कुईकुई सुरू व्हायच्या आत परत यायचं. येताना-जाताना लाड नाहीत, गाजावाजा नाही. बाहेर राहण्याचा वेळ चिमटी-चिमटीने वाढवायचा, आणि मधल्या काळात त्याला खरोखर एकटं ठेवायचंच नाही, कारण एका भीतीच्या संध्याकाळीत आठवड्याची कमाई जाते. म्हणून गुरुवारी हे भजनाला बसायचे थांबले. आईंना सोडून परत यायला लागले. दहीभाताचं खेळणं निघताना मिळतं. डॉक्टरीणबाईंनी औषधाचाही पर्याय ठेवला होता, भीती फार असेल तर त्यात कमीपणा मानायचा नाही असं बजावून. आमच्याकडे त्याची गरज लागली नाही. बाजारात मिळणारे विजेचे झटके देणारे पट्टे बघितले तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. आधीच घाबरलेल्या जनावराच्या गळ्यात ते बांधायला कुणी सुचवत असेल, तर कुत्र्यांच्या त्या प्रशिक्षकाकडे पुन्हा जाऊ नये.

सगळं रुळावर येतंय म्हणताना गणपतीच्या सुमारास चिंगीने जिन्याखाली उकरायला सुरुवात केली. पावसाने माती मऊ, तिने हातभर खोल, गोल घर केलं. उकाडा नाही, घूस नाही, खत नाही, घर माणसांनी भरलेलं. वहीचे सगळे रकाने हरले. मग घरातून वस्तू गायब व्हायला लागल्या: ह्यांचा मोजा, मुलाच्या लहानपणचं रबरी बदक, आणि आईंची जपाची गोमुखी. तिन्ही जिन्याखाली एका ओळीत सापडल्या. ब्रुनो जवळ गेला तर चिंगी दात दाखवून गुरगुरली, आजवर कधी नव्हती गुरगुरली. मी तिला उचललं तेव्हा हाताला लागलं की तिची आचळं सुजली आहेत.

डॉक्टरीणबाईंनी ताबडतोब ओळखलं. खोटी गाभण. चिंगी जूनच्या शेवटी माजावर आली होती, आम्ही तिला सांभाळली होती, गाभण राहायचा प्रश्न नव्हता. पण कुत्रीच्या अंगात माजानंतर दोन महिने संप्रेरकांचा खेळ गाभण असल्यासारखाच चालतो, आणि तो उतरताना काहींना दूध येतं, त्या वीण लावायला घर करतात, वस्तूंना पिल्लं मानतात. आचळांना हात लावायचा नाही, दूध काढून बघायचं नाही, नाहीतर आणखी येतं. वस्तू हिसकावायच्या नाहीत. ती फिरायला गेली की एकेक कमी करायची. आईंनी गोमुखी मागितली नाही. "असू दे तिच्याजवळ, मी बोटांवर मोजीन," म्हणाल्या. दोन-तीन आठवड्यांत सूज उतरली आणि एक दिवस बदक अंगणात बेवारस पडलेलं दिसलं. गोमुखी धुऊन देव्हाऱ्यात गेली. ऑपरेशन मात्र लगेच करत नाहीत, हे सगळं पूर्ण शमू द्यावं लागतं. तिचं दिवाळीनंतर झालं.

खणायची हौस म्हणून हौस उरतेच, त्यासाठी धुण्याच्या दगडामागे ह्यांनी विटांचा चौकोन बांधून त्यात क्रश सँड भरली. काळ्या मातीपेक्षा वाळू बरी, अंग झटकलं की गळून पडते. सुरुवातीला छुर्पीचा तुकडा अर्धा बाहेर ठेवून पुरला, मग पूर्ण, मग खोल. कुत्रं दुसरीकडे पंजा मारायला लागलं की न ओरडता इकडे आणायचं आणि "खण" म्हणायचं. रात्री ताडपत्री घालावी लागते, नाहीतर गल्लीतली मांजरं त्याचा संडास करतात. चिंगीला जागा पटली. ब्रुनो त्यात बसतो आणि ती काय काढते याची वाट बघतो.

सगळं संपलंय असं नाही. पहिल्या पावसात ढेकळं विरघळली की दोघांच्याही अंगात येतं आणि कढीपत्त्याच्या बुडाशी एखादा खड्डा होतोच. तो हे भरतात, वहीत लिहितात आणि सोडून देतात. ब्रुनो आता संध्याकाळचे दोन तास एकटा राहतो, त्याहून जास्त अजून नाही, त्यामुळे लग्नाला वगैरे आम्ही पाळीपाळीने जातो. चौकटीला सुताराने खाली अॅल्युमिनियमची पट्टी ठोकली आहे. वाळत घातलेल्या कपड्यांचे लाकडी चिमटे त्याला अजून दिसू द्यायचे नाहीत, म्हणून स्टीलचे आणलेत.